आपल्या शेजारच्या भाषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मात्र मध्यप्रदेशातच राहिले. तेव्हापासून येथील मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा झाली. घरची भाषा शाळेत टिकविण्याचे मोल आपणांस म्हणूनच अधिक कळावे.

परंतु मराठीला ग्रंथ आहेत, वृत्तपत्रे आहेत, पाठीशी एक राज्य आहे. आपल्या शेजारी सातपुड्यात नांदणाऱ्या गोंडी व कोरकू या भाषांना असा आधार नाही. ज्या देवगडच्या गोंड राजाने नागपूर वसविले, त्याच्या समाजाची ही गोंडी. ती मराठीची पोटभाषा नव्हे; तिचे कूळ द्राविडी आहे. गोंडीत तीनाला ‘मूंद’ म्हणतात, तेलुगूत ‘मूडू’. कोरकूचे नाते मात्र संथाळी व मुंडारी यांच्याशी आहे.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. गोंड समाज मात्र एक कोटीहून मोठा आहे. म्हणजे बहुसंख्य घरांतून ही भाषा निघून गेली. आईबापांना वाटते, हिंदी किंवा मराठी बोलल्यास मूल शाळेत मागे पडणार नाही. मग आजीचे शब्द आजीपाशीच राहतात.

यावर उपाय समाजानेच शोधले आहेत. गोंडी अनेक राज्यांत विभागल्यामुळे एकीकडची बोली दुसरीकडे कळेनाशी झाली होती. म्हणून निरनिराळ्या राज्यांतील जाणत्यांनी एकत्र बसून शब्द निवडले आणि २०१८ साली प्रमाण शब्दकोश सिद्ध केला. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळाच काढली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचा ३५० अ हा अनुच्छेदही सांगतो.

कोश व शाळा ही मोठी कामे झाली. पण भाषा जगते ती घरातल्या बोलण्यावर. आपल्या वर्गात गोंड वा कोरकू घरचा सोबती असेल, तर त्याच्या बोलीला हसू नका. पाणी, झाड, पाऊस यांना त्याची आजी काय म्हणते, ते विचारा आणि देवनागरीत वहीत उतरवून घ्या. आपली भाषा कोणी आदराने विचारतो आहे, हे पाहून तो ती घरी पुन्हा बोलू लागला, तर त्या वहीचे सार्थक झाले.