बुद्धमूर्तीचे हात

प्रश्न : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धाचे दोन्ही हात छातीशी आहेत, सव्विसाव्यात एक हात जमिनीकडे सोडलेला आहे. ही शिल्पकाराची मर्जी, की त्यामागे काही अर्थ आहे?

उत्तर : अर्थ आहे, आणि तो परंपरेने ठरलेला आहे. बुद्धाचा चेहरा बहुतेक मूर्तींत तसाच शांत, डोळे अर्धे मिटलेले. प्रसंग कोणता, हे हातांवरून ओळखायचे.

सव्विसाव्या लेण्यातला प्रसंग बोधगयेचा. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवायला मोहात पाडणारा मार फौज घेऊन आला. या आसनावर तुझा हक्क काय, तुझा साक्षीदार कोण, असे त्याने विचारले. सिद्धार्थाने उजव्या हाताची बोटे जमिनीला लावली आणि पृथ्वीलाच साक्षीला बोलावले. ही भूमिस्पर्श मुद्रा. डावा हात मात्र मांडीवर, ध्यानातलाच. ध्यान मोडलेले नाही. मला या मुद्रेत हेच सर्वांत सुंदर वाटते. भोवती माराचे सैन्य उसळले आहे, खाली त्याच्या मुली नाचताहेत, आणि बुद्धाचा फक्त एक हात हलला आहे.

पहिल्या लेण्यातली मुद्रा धर्मचक्रप्रवर्तनाची, म्हणजे सारनाथच्या मृगवनात पाच शिष्यांना केलेल्या पहिल्या उपदेशाची. उजवा अंगठा आणि तर्जनी जुळून चक्र होते, डाव्या हाताची बोटे त्याला भिडतात. खात्री करायची तर मूर्तीच्या आसनाखाली पाहा : चक्र आणि हरणे कोरलेली दिसतील.

उभ्या मूर्तींत दोन मुद्रांची गल्लत होते. तळवा समोर ठेवून हात खांद्याशी उचललेला, ती अभय. तोच तळवा खाली सोडलेला, ती वरद. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतले सुमारे ७ मीटर उंचीचे दोन्ही बुद्ध वरद मुद्रेत आहेत. अभय मुद्रेतला हात अंगापासून पुढे येतो, म्हणून तो लवकर तुटतो. गांधारच्या कितीतरी मूर्तींचे असे झाले आहे. तिथे उरलेला दंड आणि कोपराचा वळसा पाहून अंदाज बांधावा लागतो.

मात्र मुद्रा दर वेळी प्रसंगच सांगते असे नाही. जावातल्या नवव्या शतकातल्या बोरोबुदुर स्तूपावर मुद्रा दिशांप्रमाणे वाटलेल्या आहेत. खालच्या चौकोनी मजल्यांवर पूर्वेला भूमिस्पर्श, दक्षिणेला वरद, पश्चिमेला ध्यान, उत्तरेला अभय. तिथे पूर्वेचा बुद्ध अक्षोभ्य मानला जातो, पश्चिमेचा अमिताभ. वरच्या गोल चौथऱ्यांवरच्या ७२ जाळीदार स्तूपांत मात्र पुन्हा धर्मचक्राचीच मुद्रा आहे.