कुत्र्यांचे मलभक्षण : कारणे आणि उपाय

कुत्रा पाळणाऱ्यास त्याच्या ज्या सवयीची सर्वांत अधिक किळस येते, ती म्हणजे विष्ठा खाण्याची सवय. पशुवैद्यकात तिला मलभक्षण म्हणतात. ती पाहून मालक संतापतो, कुत्र्याला मार बसतो आणि प्रसंगी त्याला घराबाहेरही काढले जाते. परंतु शिक्षेने ही खोड सहसा जात नाही. तिचे मूळ ओळखणे अगत्याचे असते.

व्यालेली कुत्री सुमारे तीन आठवडे पिलांना चाटून त्यांना मलमूत्रविसर्जनास प्रवृत्त करते आणि त्यांची विष्ठा स्वतः खाऊन जागा स्वच्छ ठेवते. पिलेही कुतूहलाने विष्ठा चाखून पाहतात. त्यांपैकी पुष्कळांची ही खोड वयाबरोबर सुटते.

प्रौढ कुत्र्यांविषयी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बेंजामिन हार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार मलभक्षण करणारी आढळली. ती बहुधा अधाशी होती आणि खाल्लेली विष्ठा बहुतांशी दोन दिवसांच्या आतील होती. आहाराच्या प्रकाराशी या सवयीचा संबंध दिसला नाही. यावरून संशोधकांनी असे अनुमान मांडले की, लांडग्यांच्या गुहेजवळ पडलेल्या विष्ठेतील जंतांची अंडी रोगकारक होण्यापूर्वीच ती विष्ठा नाहीशी करण्याची ही पूर्वापार प्रवृत्ती असावी.

तथापि, काही वेळा या सवयीमागे आजार असतो. जंत, मधुमेह, स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसा न स्रवणे, तसेच स्टेरॉइडसारखी भूक वाढविणारी औषधे, ही त्याची उदाहरणे होत. प्रौढ कुत्र्याने एकाएकी विष्ठा खाण्यास आरंभ केला, किंवा भरपूर खाऊनही तो वाळू लागला, तर त्याला पशुवैद्याकडे नेऊन विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

परिस्थितीचाही या सवयीस हातभार लागतो. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागाचेच उदाहरण घेता येईल. व्हाइटफील्डच्या परिसरातील संगणक उद्योगामुळे येथे उंच इमारतींची दाट वसाहत उभी राहिली. सदनिकेच्या सज्जात दिवसभर एकट्या कोंडलेल्या कुत्र्याला चाळा म्हणून स्वतःच्या विष्ठेखेरीज काही उरत नाही. त्याला रस्त्यावर आणले, तरी अडचण संपत नाही. बंगळूर महानगरपालिकेने २०२३ साली केलेल्या गणनेत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री आढळली. त्यांत आठ विभागांपैकी महादेवपुरा विभागाची संख्या सर्वाधिक होती. त्यामुळे साखळीने बांधून फिरविलेल्या कुत्र्यालाही परक्या कुत्र्यांची विष्ठा जागोजागी भेटते.

खरा धोका याच परक्या विष्ठेत असतो. गोलकृमीची अंडी जमिनीत काही आठवड्यांनी रोगकारक बनतात आणि दीर्घकाळ टिकतात. पार्व्हो विषाणूही मातीत कित्येक महिने तग धरतो. गोलकृमीचा उपद्रव माणसालाही होतो आणि मातीत खेळणाऱ्या लहान मुलांना त्याची बाधा अधिक संभवते.

उपायांपैकी सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत साधा आहे : विष्ठा पडताच उचलावी. जेवणानंतर ठरावीक वेळी कुत्र्याला आखूड साखळीने बांधून बाहेर न्यावे. त्याचे विसर्जन होताच त्याला जवळ बोलावून आवडीचा खाऊ द्यावा आणि तेवढ्यात जागा साफ करावी. ‘सोड’ हा हुकूम घरी खाद्यपदार्थ ठेवून शिकवावा. मात्र केवळ हुकमावर विसंबू नये. अन्नात मिसळण्याच्या चूर्णांचा आणि गोळ्यांचा उपरोक्त पाहणीत नाव घेण्याजोगा गुण दिसला नाही. रोजचा व्यायाम आणि सोबत यांनी एकटेपणाचा कंटाळा कमी होतो. लसीकरण व जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्यावे.

कुत्र्याचे नाक विष्ठेत घासणे किंवा ओरडत त्याच्यामागे धावणे सर्वथा टाळावे. अशा वेळी भ्यालेला कुत्रा मालक येण्यापूर्वीच विष्ठा गिळून टाकण्यास शिकतो, तर खेळकर कुत्रा त्या धावपळीलाच खेळ समजतो. कुत्र्याच्या दृष्टीने या कृत्यात लाजिरवाणे असे काहीच नसते. ही संधी त्याला मिळू न देणे, हे मालकाचेच काम होय.