सगळे करूनही रितेपणा का?

प्रश्न : आटपाडीच्या एक ख्रिस्ती भगिनी विचारतात, घर, मुले, चर्चचे महिला मंडळ सांभाळूनही ‘आपण कुणीच नाही’ असे का वाटते?

उत्तर : त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचावे. १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंचे पती टिळक ख्रिस्ती झाले. त्यांनी मात्र बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावरच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. आठवणींत सोवळ्याओवळ्याची फजिती, नवऱ्याशी झालेली भांडणे सगळे आहे. आदर्श बाईचा आव तेवढा नाही!

तसाच आव सोडून मंडळाचे एखादे काम या भगिनींनी खुशाल दुसरीकडे सोपवावे. झोप-भूक उडाली असेल, तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टर हवाच. सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावला की मोफत बोलता येते, मराठीतूनही.