क्रोमियमची बाटली मागणाऱ्यांना

औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली. "ताई, शुगरसाठी ते क्रोमियम द्या" असं कुणी म्हणालं, की मी त्यांना जरा थांबवते. जे सांगते ते असं :

१. कमतरता कुणाला होते, ते आधी बघा. १९७७ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत छापली. कित्येक वर्षं तिचं सगळं पोषण शिरेतून चाललं होतं. वजन घटलं, नसा बिघडल्या, साखर आवरेना. सलाइनमधून रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम सुरू केल्यावर ती सावरली आणि तिचं इन्शुलिनही सुटलं. क्रोमियम इन्शुलिनच्या कामाला हातभार लावतं, या समजाला बळ मिळालं ते अशा रुग्णांमुळे. भाकरी, उसळ, भाजी खाणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी.

२. गरज अगदी थोडी. २००१ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी तरुण बाईला रोज २५ आणि पुरुषाला ३५ मायक्रोग्रॅम पुरेसं धरलं. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर, ते शरीराला अत्यावश्यक आहे याचा पुरावाच नाही, असं म्हटलं. बाटलीतल्या एका गोळीत बहुधा २०० असतं.

३. रक्तातल्या क्रोमियमच्या तपासणीवर पैसे घालवू नका. त्या आकड्यावरून कमतरता ठरत नाही. शिवाय स्टीलच्या सुईतही क्रोमियम असतं, तेच नमुन्यात उतरू शकतं.

४. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करून क्रोमियमवर राहू नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल, तर जोडीला क्रोमियम घेतल्याने साखर जास्त खाली जाऊ शकते. मग घाम, थरथर, चक्कर. थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर घेऊच नका. काहीही घेत असाल, तरी ते डॉक्टरांच्या कानावर घाला. 'ते काय, नुसतं व्हिटॅमिन' म्हणून लोक सांगायचं टाळतात, त्याची मला काळजी वाटते.

५. स्टीलच्या पातेल्याला घाबरू नका. क्रोमियमची रूपं वेगवेगळी. अन्नातलं आणि पातेल्यातून अन्नात उतरणारं क्रोमियम त्रिसंयुजी. षट्संयुजी क्रोमियम मात्र कर्करोगकारक. तमिळनाडूत रानीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्यातून तेच जमिनीखालच्या पाण्यात उतरलं.