किडीने खाल्लेले कोवळे झाड सावरायचे आहे? रायपूरमध्ये खर्च किती, सल्ला कुठे?

बहावा, गुलमोहर, चाफा किंवा सप्तपर्णी लावून दोन-तीन वर्षे झाली आणि आता किडीने पानांची चाळण केली, तर लगेच औषधाच्या दुकानात जाऊ नका. आधी फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे, ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. एका झाडाचा खर्च बहुतेक वेळा हजार रुपयांच्या आत बसतो.

कीड ओळखा, पैसे वाचवा. पावसाळ्यात बहाव्याची पाने पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या खातात. झाड सशक्त असेल तर पाने पुन्हा फुटतात. अळ्या हाताने वेचा, खर्च शून्य. चाफ्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो पाडा आणि फार किडलेली पाने काढून टाका. खोडाला भोक, खाली भुसा आणि सालीवर जाळी असेल तर आत अळी आहे. बारीक तार घालून तिला मारा, जाळी पुसा, भोक ओल्या मातीने बुजवा. खोडावर मातीचे पापुद्रे ही वाळवीची खूण. ते खरवडून काढा आणि बुंध्यात कच्चे शेण कधीही घालू नका, त्याने वाळवी वाढते.

सल्ला कुठे मिळेल? कृषकनगरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात कीटकशास्त्राचे तज्ज्ञ आहेत, शिवाय रायपूरचे कृषी विज्ञान केंद्रही आहे. कामाच्या दिवशी सकाळी जा. किडलेली पाने कागदी पिशवीत न्या (प्लास्टिकमध्ये ती कुजतात), कीड झाकणाच्या बाटलीत घ्या आणि पूर्ण झाडाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १०, फोन मोफत. झाडाचे नाव, वय, लक्षण आणि आधी काय फवारले, हे हाताशी ठेवा. झाड सार्वजनिक रस्त्यालगत असेल तर स्वतः फवारू नका, नगर निगमाला कळवा. तक्रारीसाठी 'निदान ११००' आहे.

खर्चाचा हिशेब. दोन लिटरचा हातपंप साधारण २५० ते ४०० रुपये. १५०० पीपीएमचे निंबोळी औषध, १०० मिलि, साधारण १०० ते २०० रुपये. निंबोळी पेंड दोन किलो, १०० ते २०० रुपये. दुकानागणिक भाव बदलतात. माणसाच्या उंचीच्या झाडाला एका फवारणीत दोन लिटर द्रावण पुरते. लिटरला ५ मिलि या मापाने तीन फवारण्यांना औषध लागते फक्त ३० मिलि. तेव्हा दुकानदार लिटरची बाटली पुढे करील, ती घेऊ नका. फवारण्या ७ ते १० दिवसांच्या अंतराने, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने करा. उन्हात फवारले तर पाने करपतात. काही तासांत पाऊस आला तर पुन्हा फवारा.

जास्तीचे पैसे कुठे जातात? पाकिटावरच्या कमाल किमतीत जीएसटी धरलेला असतो, तो वर वेगळा देऊ नका. सुटे औषध दुसऱ्या बाटलीत कधीच घेऊ नका. बॅच क्रमांक, मुदत आणि पक्के बिल मागा. लाल त्रिकोणाचे औषध सर्वात विषारी, घराच्या अंगणात ते आणू नका. माळी बोलावलात तर मजुरी फेरीची की दिवसाची, औषध त्यात धरले आहे की वेगळे, हे आधी ठरवा. खोडाला चुना-गेरू फासण्याचे पैसे मागितले तर लक्षात ठेवा, खोडाच्या आतली अळी त्याने मरत नाही. जास्त किंमत, कमी वजन किंवा बिलाला नकार, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सावरायला किती दिवस? पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत नवा फुटवा दिसतो. मे महिन्यात पाने गेली असतील तर पावसापर्यंत धीर धरा. तोवर आळ्यात आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी द्या, भाटा म्हणजे मुरमाड जमिनीत पाणी लवकर निथळते म्हणून माती चाचपून फेऱ्या वाढवा. आळ्यात वाळलेल्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन घाला, बुंध्याला मात्र टेकू देऊ नका. युरिया टाळा. त्याने लुसलुशीत पालवी येते आणि मावा जमतो. कुजलेले शेणखत आणि पेंड नवी पाने पक्की झाल्यावर द्या. पाने नसलेल्या फांद्या लगेच छाटू नका, जी साल खरवडल्यावर आतून कोरडी दिसते तीच फांदी कापा. खोडाची साल सर्व बाजूंनी खाल्ली गेली असेल तर वरचा भाग वाचणार नाही. अशा झाडावर औषधाचे पैसे घालू नका, पुढच्या पावसाळ्यात नवे रोप लावा.

झाड सावरले तरी दर आठवड्याला पानांची मागची बाजू आणि बुंधा पाहा. पाच मिनिटांच्या या तपासणीत कीड सुरुवातीलाच हाती लागते आणि पुढची फवारणी बहुधा टळते.