एकटीने किती सांभाळशील?

नाशिक, रविवार सकाळ

चि. सोनूस,


काल रात्री उशिरा ताईचा फोन आला. तू पहाटेपर्यंत जागी होतीस, डोळे सुजले होते आणि विचारल्यावर "माझं काम कुणीतरी परस्पर केलं" एवढंच बोललीस, असं ती सांगत होती. तिला वाटलं ऑफिसात काही झालं, नोकरीवर आलं की काय. मी म्हटलं, ऑफिसचं नसणार, डेबियनचं असणार, त्या स्वयंसेवकांच्या लिनक्सचं. त्यावर ती म्हणाली, "अरे, पण त्याचा तर तिला छदामही मिळत नाही. मग एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात?" ताईला ते फोनवर समजावणं मला जमलं नाही. पण मला ते कळतं, आणि कळतं म्हणूनच काळजी वाटते.

फोन ठेवल्यावर मी तुझ्या त्या देवनागरी फॉन्टच्या पॅकेजची बग-नोंद उघडली आणि पहिल्यापासून वाचून काढली. फॉन्ट बनवायच्या फॉन्टफोर्जची नवी आवृत्ती आली, तुझं बिल्ड मोडलं आणि कुणीतरी गंभीर बग नोंदवला. त्यावर दोन महिने तुझं उत्तर नाही. पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, काढलं जाणार अशी सूचना आली, तरी उत्तर नाही. बगवर नुसतं "बघते आहे" असं लिहिलं असतंस तरी ती तारीख पुढे गेली असती, हे तुला माहीत आहे. मग एका माणसाने दुरुस्तीचा पॅच तिथेच उघड्यावर ठेवला आणि अपलोड उशिराच्या रांगेत टाकला, दहा दिवसांच्या. गंभीर बग आठवडाभराहून जुना असेल आणि मेंटेनरची, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याची, काहीच हालचाल नसेल, तर त्याला एक दिवसही थांबायची गरज नव्हती. नियम तशी मुभा देतो. तरी तो थांबला. या दहा दिवसांत तू एका शब्दाने त्याला अडवू शकत होतीस.

आणि मग तू काय केलंस? त्याने केलेली आवृत्ती '-२.१' होती. त्यावर तू '-३' चढवलीस आणि चेंजलॉगमधून त्याची नोंदच गायब. नोंद गेली, दुरुस्तीही गेली, बग पुन्हा उघडला. वर एक ओळ: माझ्या पॅकेजला हात लावण्याआधी विचारायचं.

सोनू, हे बरं केलं नाहीस. त्याने विचारलं होतं, तूच घरात नव्हतीस. शेवटचा तो '.१' कशासाठी असतो? बाहेरच्या माणसाने दुरुस्ती केली, पॅकेज मेंटेनरचंच राहिलं, हे जगाला दिसावं म्हणून. तुझ्या नावाला धक्काही न लावता त्याने काम केलं होतं, आणि तू त्याचं नाव पुसलंस. फुकट काम करणाऱ्या माणसाला मिळतं काय? चेंजलॉगमधल्या चार ओळी. त्याही आपण काढून घ्यायच्या? आपल्या घरात कुणी कुणाच्या कष्टाचं श्रेय असं खाल्लेलं मला आठवत नाही. नाना असते तर एक शब्द न बोलता नुसते तुझ्याकडे बघत राहिले असते, आणि ते तुला माझ्या या सगळ्या पत्रापेक्षा जड गेलं असतं.

पण खरं सांगू? मला झोप लागली नाही ती यामुळे नाही. त्याच नोंदीत खाली तू लिहिलं आहेस की ज्याला हवं त्याने हे पॅकेज घ्या, मी सोडते. आणि अर्ध्या तासात एका नावाने उत्तर दिलंय: मी आनंदाने घेतो, अपलोडचे हक्क द्या. या नावाने याआधी एक पॅच पाठवलेला नाही, एक बग नोंदवलेला नाही. त्याला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. कृपा करून देऊ नकोस. रागात तर मुळीच नको.

एक्सझेडचं प्रकरण तुला मी सांगायला नको, पण आज पुन्हा एकदा माझ्यासाठी वाच. फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने ते सांभाळत होते. जगभर वापरली जाणारी फाईल दाबून लहान करायची ती लायब्ररी, आणि तिच्यामागे एक माणूस, तोही फावल्या वेळात. २०२१ मध्ये 'जिया तान' या नावाने छोटे छोटे, उपयोगी बदल येऊ लागले. २०२२ मध्ये कुठली कुठली नवी नावं येऊन कामाच्या संथपणाबद्दल टोचू लागली: दुसरा कुणी मेंटेनर घ्या, यांना झेपत नाही. कॉलिन यांनी शांतपणे सांगितलं की हा बिनपगारी छंद आहे. पण दमलेल्या माणसाला मदतीचा हात दिसला की तो धरावासा वाटणारच. हळूहळू हक्क 'जिया तान'कडे गेले, आवृत्त्या काढायचं कामही गेलं. २०२४च्या फेब्रुवारीत ५.६.० आली, मार्चमध्ये ५.६.१, आणि दोन्हींत चोरदरवाजा. चाचणीच्या फाईलींत लपवलेला, आणि तो उघडणारी बिल्डची ओळ फक्त टारबॉलमध्ये, गिटमध्ये नाहीच! नवी आवृत्ती डेबियनने लवकर घ्यावी म्हणून आपल्या बग-नोंदींतही अनोळखी नाव येऊन आग्रह करून गेलं होतं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते जगापुढे मांडलं. ते पोस्टग्रेसवर काम करणारे; डेबियनची सिड ही कच्ची आवृत्ती असलेल्या त्यांच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एका शंकेवरून ते तिथपर्यंत पोहोचले. स्टेबल या पक्क्या आवृत्तीत ते जायच्या आत थांबलं.

लोक हे प्रकरण सुरक्षेचं म्हणून सांगतात. मी वाचतो तेव्हा मला त्यात एकटा पडलेला माणूस दिसतो. चोराने कुलपाआधी मालकाचा थकवा हेरला होता. आणि काल रात्री तुझी ती नोंद वाचताना, पोरी, मला तोच थकवा दिसला.

म्हणून पुन्हा विचारतो: तू एकटीने किती सांभाळते आहेस? दिवसा नोकरी, रात्री अकरानंतर डेबियन. एक फॉन्ट होता तोवर ठीक. मग त्याची साधनं घेतलीस, मग कुणी सोडलेलं दुसरं पॅकेज, मग तिसरं. डेबियन १३ आलं तेव्हा त्यात पॅकेजं ६९,८३०. ती सांभाळणारी माणसं त्या मानाने मूठभर, आणि ज्याने एक नीट सांभाळलं त्याच्याकडे चार आपोआप येतात. नाही म्हणायला तुला कधी जमलंच नाही. लहानपणीही सगळ्यांची दप्तरं तूच उचलायचीस.

आपल्या गावच्या वाचनालयाची गोष्ट ताईने तुला सांगितली असेल. किल्ली फक्त आप्पांकडे. ऊन असो, पाऊस असो, रोज संध्याकाळी ते उघडणार, पुस्तकांना स्वतः खळ लावून पुठ्ठे घालणार. दुसऱ्या कुणाला किल्ली दिली तर पुस्तकं जातील, ही धास्ती. आप्पा दवाखान्यात गेले आणि वाचनालय बंद पडलं. उघडलं तेव्हा तळच्या कप्प्याला वाळवी लागलेली होती. आप्पांचा जीव त्या पुस्तकांत होता यात शंका नाही, पण वाळवीला ते काय कळणार?

किल्ली अनोळखी माणसाच्या हातावर ठेवायची नाही आणि एकटीच्या कनवटीलाही लावून ठेवायची नाही. यासाठीच आपल्याकडे रीत आहे. मदत हवी असेल तर मदतीची विनंती नोंदवायची. सोडायचंच असेल तर आधी 'दत्तक हवं' म्हणून नोंदवायचं आणि योग्य माणूस मिळेपर्यंत पॅकेज आपल्याकडे ठेवायचं. तेही होत नसेल तर सरळ अनाथ म्हणून जाहीर करायचं. गुणवत्ता बघणारा क्यूएचा गट तोवर बघतो. यात कमीपणा कसला? आणि तुझं तर फॉन्टचं काम, त्याची टीमच आहे. डेबियनच्या साल्सा सर्व्हरवरचा रेपो टीमखाली ने, कंट्रोल फाईलमध्ये 'मेंटेनर'पुढे टीमचं नाव घाल आणि 'अपलोडर्स'मध्ये तुझं. तुझं नाव कुठेही जात नाही. आजारी पडलीस, परीक्षा आली, उद्या लग्न ठरलं, तर मागे माणसं उभी असतात. त्या टीममधले दोघं तुला २०२३ साली कोचीच्या डेबकॉन्फला भेटले होते ना? तू पाठवलेल्या फोटोत केळीच्या पानावर जेवताना तुझ्या शेजारी बसलेत ते. त्यांना लिही. आणि त्या अर्ध्या तासात हक्क मागणाऱ्याला सांग: स्वागत आहे, आधी पॅच पाठवा. खरा असेल तर पाठवील, सहा महिने पाठवत राहील.

'माझं पॅकेज' ही भावना मला समजत नाही असं समजू नकोस. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. तिथे एका पॅकेजला एक मेंटेनर ही पद्धत कितीतरी वर्षं चालली, आणि तिच्यातूनच इतकी काळजीपूर्वक केलेली कामं उभी राहिली. मालकीची ओढ नसती तर गेल्या वर्षी तू ते अक्षरांचं काम केलंच नसतंस. मराठीसाठी 'श' आणि 'ल' आपल्या वळणाचे उमटावेत, हिंदीच्या वळणाचे नकोत, म्हणून किती शनिवार-रविवार घालवलेस! 'दऱ्या'तला तो अर्धा र शेवटी नीट बसला तेव्हा तू मला स्क्रीनचा फोटो पाठवला होतास, आणि मी तो तुझ्या मामीला दाखवला होता. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तिने साखर दिली मला.

मी रागावून लिहिलं वरती. मला तो अधिकार कितपत आहे, माहीत नाही. २००२ मध्ये डेबियनची वूडी ही आवृत्ती आली तेव्हा आम्ही मित्र सीड्या कॉपी करून एकमेकांना वाटत होतो, आणि त्याच सुमारास माझंही एक छोटं पॅकेज झालं. एक परदेशी गृहस्थ होते, ते माझं काम तपासून अपलोड करायचे. एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवायचे, पण कधी टाकून बोलले नाहीत. मग नाना आजारी पडले. तू तेव्हा रांगत होतीस, तुला ते दिवस आठवणार नाहीत. दवाखाना, कर्ज, ताईचे हाल. मी कुणालाच काही न कळवता गप्प झालो. त्यांच्या मेल येत राहिल्या. पहिल्या बगबद्दल होत्या, नंतरच्यांत बगचं नावही नव्हतं, फक्त बरा आहेस ना, एवढं विचारलेलं. मला लाज वाटायची, मी त्या उघडायचोच नाही. कितीतरी काळाने उघडल्या, तेव्हा वाचून रडलो, आणि तरीही उत्तर लिहिलं नाही. आता काय लिहायचं, म्हणून. पॅकेज अनाथ झालं, मग कुणीतरी घेतलं, ते उत्तम चाललंय. त्याचं मला काही नाही. त्या माणसाला एक ओळ लिहिली नाही, हे मात्र अजून टोचतं. पुन्हा त्या जगात जायची हिंमत माझी त्या एका ओळीपायी गेली.

तू माझ्यासारखी गप्प होऊ नयेस, एवढंच मला वाटतं. भांड, रड, चिडून लिही, पण गप्प होऊ नकोस.

आणि हे लक्षात घे, यातलं काहीही तुझ्यावर बंधनकारक नाही. डेबियनच्या घटनेतच लिहिलंय की प्रकल्पासाठी काम करायची सक्ती कुणावरही नाही; फक्त त्या नियमांच्या आणि त्यांनुसार घेतलेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काम करू नये. ज्याने ते कलम लिहिलं त्याला तुझ्यासारख्या मुली माहीत असणार. महिनाभर काही करणार नाही असं टीमला कळव आणि खरंच करू नकोस. कुणी तुला कमी समजणार नाही. समजलं तर मला सांग.

त्या माणसाची नोंद पुढच्या अपलोडमध्ये परत घाल, त्याची दुरुस्तीही घाल, आणि बगवर दोन ओळी लिही: दमले होते, चुकलं, आभार. मोठं स्पष्टीकरण देत बसू नकोस. पण हेही आज नको. आज झोप. उद्याही झोप.

शनिवारी मी पुण्याला येतोय. ताईला सांगून ठेवलंय की तोवर तुला काही विचारायचं नाही आणि रात्री दार वाजवायचं नाही. तुला चालणार असेल तर तुझ्या चारही पॅकेजांचे उघडे बग आपण दोघं बसून वाचू. कुठला आजचा, कुठला सहा महिन्यांनी चालेल, आणि कुठलं पॅकेज सरळ टीमकडे द्यायचं, ते मी कागदावर मांडून देईन. माझा हात आता जुना झालाय, पण बग वाचायला अजून चालतो. नको असेल तर लॅपटॉप उघडायचाच नाही, आपण दोघं पर्वतीवर जाऊन येऊ. मामीने तुझ्यासाठी चिवडा केलाय, तो आणतोय.

या पत्राचं उत्तर लिहायची घाई करू नकोस. "मामा, बरी आहे" एवढं कळवलंस तरी पुरे.

तुझा,
मामा