दोन डाइव्ह कॉम्प्युटर, दोन आकडे: ऐकायचं कुणाचं?

प्रश्न : मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी दुसऱ्या डाइव्हच्या पंधराव्या मिनिटाला माझा मनगटावरचा कॉम्प्युटर खोली 18.4 मीटर आणि नो-डेको टाइम 21 मिनिटं दाखवत होता. जादाचा म्हणून नेलेला दुसरा म्हणत होता 18.1 मीटर आणि 38 मिनिटं. दोन्ही घरच्या विहिरीत तपासून नेले होते. दुसरा मात्र सकाळच्या पहिल्या डाइव्हला बोटीवरच राहिला होता. मी 21 चं ऐकून वर आलो. बरोबर केलं का? आणि चूक कुणाची होती?
– एक वाचक, कुंडल

उत्तर : अगदी बरोबर केलंत. पाण्याखाली दोघांचं पटेना की जो कमी वेळ देतो आणि जास्त थांबायला सांगतो त्याचं ऐकायचं. बडीला खूण करायची, मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता वर यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. कोण चुकलं याचा तपास जमिनीवर आल्यावर. दोन आकड्यांची सरासरी काढायचा मोह कितीही झाला तरी ती काढू नका, तिला काहीही आधार नाही.

आता तुमचे आकडे पाहू. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे फरक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिला खोलीचा, 30 सेंटिमीटरचा. कॉम्प्युटर खोली मोजत नाही, दाब मोजतो आणि पाण्याची घनता गृहीत धरून त्याचे मीटर करतो. विहिरीत तपासताना तुम्ही मनगटावरचा ‘गोडं पाणी’वर ठेवला असणार आणि तो तसाच समुद्रात गेला. खारं पाणी जड, म्हणून गोड्या पाण्याच्या हिशेबाने 18 मीटरवर साधारण 18.4 दिसतात. दुसरा युरोपीय मानकाची मधली घनता धरून चालत असेल, तर त्याला 18.1 दिसतात. तुमचा फरक असा नेमका बसतो. तरीही पुढच्या वेळी दोन्ही एकाच उंचीवर शेजारी धरून वाचा, कारण हात नुसता वर-खाली झाला तरी तेवढा फरक पडतो. बहुतेक कॉम्प्युटर नायट्रोजनचा हिशेब थेट दाबावरून करतात, त्यामुळे या फरकाने मिनिटं फारशी हलत नाहीत.

दुसरा फरक 17 मिनिटांचा, आणि खरी काळजी त्याची. याचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे : दुसरा सकाळी बोटीवर होता. पहिल्या डाइव्हमध्ये तुमच्या अंगात मुरलेला नायट्रोजन त्याला माहीतच नाही. त्याच्या लेखी तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच पाण्यात उतरलात. 38 हा आकडा त्याने चुकीचा काढला नाही, पण तो तुमचा नव्हता. दोन्हींपैकी एकही यंत्र तुमच्या रक्तात डोकावत नाही. दाब आणि वेळ एवढीच त्यांची शिदोरी, बाकी सगळं गणित. म्हणून जादाचा कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हपासून अंगावर हवा, नाहीतर तो जादाचा नव्हेच. बडीचा उसना घेऊन दुसरी डाइव्ह करणं त्याच कारणासाठी धोक्याचं. मुख्य कॉम्प्युटर बंद पडला आणि दुसरा सोबत नव्हता, तर 24 तास पाण्याबाहेर राहा आणि मग नव्याने सुरुवात करा.

दोन्ही सोबत असूनही मिनिटं जुळली नाहीत तर लगेच दुरुस्तीला धावू नका, दोघांचं गणितच वेगळं असू शकतं. 1908 मध्ये हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून शरीराचे पाच कप्पे कल्पिले. झुरिकच्या ब्यूलमान यांच्या गणितात ते सोळा झाले. आज एक कंपनी एक सूत्र घेते, दुसरी दुसरं, आणि वर प्रत्येकाची सावधगिरीची पायरी वेगळी. छापील तक्त्यांचंही एकमत नाही : 18 मीटरला ब्यूलमान यांचा 1986 चा तक्ता 51 मिनिटं देतो, पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा 56. 30 मीटरला तेच 17 आणि 20. विकत घेतानाच दोन्ही एकाच सूत्राचे घेतले आणि सावधगिरी सारखी ठेवली, तर पाण्यात गोंधळ बराच कमी होतो. माझा सल्ला तोच आहे.

नायट्रॉक्सवर असाल तर मात्र ‘कमी मिनिटं देणाऱ्याचं ऐका’ हा नियम अपुरा पडतो. सिलिंडरमध्ये 32 टक्के ऑक्सिजन आणि एक कॉम्प्युटर साध्या हवेवर राहिला, तर तो मिनिटं कमी देईल, पण ऑक्सिजनच्या मर्यादेबद्दल, म्हणजे सुमारे 33 मीटरच्या पुढे, एका शब्दाने बजावणार नाही. सिलिंडरचं विश्लेषण झालं की दोन्हींवर तोच आकडा भरा, आणि बडीला तो वाचून दाखवायला सांगा.

तुमची विहीर ही खरं तर चांगली प्रयोगशाळा आहे. टेपने मोजून दोराला 5 आणि 10 मीटरवर गाठ मारा. दोन्ही कॉम्प्युटर एकाच जाळीच्या पिशवीत दगडासह बांधा, पाण्याबाहेर दोन्हींवर शून्य आहे ना ते बघा, आणि गाठ पाण्याला टेकेपर्यंत सोडा. वर काढून लॉगमधली कमाल खोली वाचा. कुंडल समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, तिथे हवेचा दाब कमी. ज्या कॉम्प्युटरने समुद्रसपाटीचा दाब शून्य मानला, तो अर्ध्या मीटरहून जास्त उथळ दाखवील. जुन्या मॉडेलमध्ये उंचीची पातळी हाताने भरावी लागते, आणि समुद्रावर ती परत बदलायला माणूस विसरतो. दोन्हींत एक मीटरचा फरक आला, तर सेन्सरच्या भोकांत गाळ किंवा मीठ बसलं असेल. कोमट गोड्या पाण्यात भिजवून ठेवा. सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. त्यानंतरही फरक राहिला तर सर्व्हिसला द्या. ही चाचणीही डाइव्ह म्हणून नोंदली जाते, म्हणून ती समुद्राच्या किमान एक दिवस आधी उरका.

परतीचा प्रवास तुम्ही विचारला नाहीत, पण तो सांगायलाच हवा. अंकोल्याहून घाट चढून हुबळी-बेळगावमार्गे कुंडलला येताना बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास लागतं. मालवणहून येणाऱ्यांना आंबोली लागते, ती सुमारे 690. ‘डॅन’ या डायव्हर सुरक्षा संस्थेची विमानप्रवासाची शिफारस सुमारे 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते : एका साध्या डाइव्हनंतर 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर 18. घाटालाही तोच हिशेब लावा. दोन कॉम्प्युटर नो-फ्लाय टाइमही वेगवेगळा दाखवतील, जो मोठा तो पाळा. तुमच्या दोन डाइव्ह दुपारी संपल्या असतील, तर मुक्काम मुर्डेश्वरलाच करा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघा.